आखूड धागा

पिंपळडोह, ता. दारव्हा
२६ ऑक्टोबर २००३

इकबालभाऊंस नमस्कार.

काल आमच्याकडे सीतादही झालं. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी शेताच्या धुऱ्यावर दहीभात शिंपडला, बायांनी पहिली ओंजळ वेचली आणि मी सवयीनं त्यातली चिमूट पदराला बांधून बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. बस समोर येऊन थांबली तेव्हा आठवलं, की दारव्ह्याच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून आता तुम्ही नाही. कंडक्टर म्हणाला, "काहून हो बाई, चढता का नाही?" मी परत फिरले.

वीस वर्षं ही चिमूट मी तुमच्या स्टुलासमोर आणून ठेवायचे. तुम्ही सरकीभोवतीचा धागा विंचरायचात, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचात, उजेडाकडे करायचात आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीवानाला ऐकू जाईल असं म्हणायचात, "ताई, धागा आखूड!" एकदाही लांब म्हणाला नाहीत. यंदाची चिमूट या पाकिटात घालते आहे. विमानात बसण्याची तिची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

केंद्राची बातमी तुम्हाला आवडणार नाही. ते ओस आहे. खाजगी व्यापारी काटा घेऊन गावात येतात, सरकारपेक्षा चढा भाव देतात आणि अंगणातून माल उचलतात. सरकारनं रस्ता द्यावा, पाणी द्यावं आणि माझ्या कापसाच्या वाटेतून उठावं, हे मी सभांमधून ओरडून घसा बसवून घेतला होता. आता ते उठलं आहे. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं. पण गेल्या आठवड्यात केंद्राच्या शेडमध्ये बकऱ्या बसलेल्या पाहिल्या आणि नुसताच थकवा आला.

एक गोष्ट मनातून जात नाही. एप्रिलमध्ये ग्रेडरांची नवी यादी लागली आणि त्यात तुमचं नाव नव्हतं, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता तरी सरकारचा पदर सोडा, इकबालभाऊ. तुमच्या बोटांची किंमत बाजाराला ठरवू द्या." लोक हसले. तुम्हीही हसलात. ऑगस्टमध्ये नागपूरच्या एजंटाबरोबर कुवेतला निघून गेलात. मी तसं बोलले नसते तरी गेला असता का? खरं सांगा.

वीस वर्षांत आपलं एकदाच पटलं. जुलैत सरकारनं इराकात फौज पाठवायला नकार दिला तेव्हा तुम्ही मला बोलावून चहा पाजला होता. म्हणालात, सरकार असावं, पण घरात असावं. मी म्हणाले, मलाही तेच हवं, फक्त घरातही थोडं कमी.

तुमच्या घरी सुग्राबीभाभी बऱ्या आहेत. गझाला दहावीचा अभ्यास करते आहे.

तुमची,
कोकिळा


कुवेत
९ डिसेंबर २००३

कोकिळाताईंस इकबालचा सलाम.

चिमूट पोचली. गोदामातल्या पोरांनी विचारलं, "क्या है चाचा, ताबीज?" मी म्हटलं, माझ्या गावची एक जिद्दी बाई आहे.

आता निकाल ऐका. हा कापूस तुमच्या नाल्याकाठच्या तुकड्यातला आहे. वरच्या बरडातला नाही. बोंड फुटायच्या आधी त्याला पाण्याचा ताण पडला, मग एक पाऊस उशिरा मिळाला. बुडाशी धागा बरा, शेंड्याला कमजोर. दोनदा ओढला, दोन्ही वेळा एकाच जागी तुटला. धागा आखूड! इथपर्यंत ओरडलो, पण ऐकायला गाडीवान नव्हते.

तुम्ही बोलल्यामुळं मी आलो नाही. यादीत नाव नव्हतं म्हणून आलो. बाजारानं माझ्या बोटांना अजून विचारलेलं नाही. इथं मी खोकी मोजतो. खोक्यात पाणी, बिस्किटं, साबण, गाडीचे फिल्टर. सगळं अमेरिकी फौजेचं. पण फौजेचा माणूस गोदामात दिसत नाही. आणतो ठेकेदार, शिजवतो ठेकेदार, कपडे धुतो ठेकेदार. तुमचं मन इथं रमलं असतं ताई. सरकार इतकं लहान, की लढाईसुद्धा निविदा काढून चालते.

आणि एक. इथल्या एका टेक्सासच्या सुपरवायझरचा बाप कापूस पिकवतो. मी कापसाचा माणूस म्हटल्यावर तो खूश झाला. म्हणाला, भाव कितीही पडो, आमचं सरकार बापाला फरक भरून देतं. मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं, की आमच्याकडे एक बाई सरकारला हाकलायच्या मागं लागली आहे. तो म्हणाला, त्या बाईंना माझ्या बापाशी बोलू नका म्हणावं, त्याला झटका येईल. सांगायचं म्हणजे ताई, सरकार उठलं की जागा रिकामी राहत नाही. तिथं कुणीतरी येऊन बसतं. कधी दुसऱ्याचं सरकारच येऊन बसतं.

पुढच्या आठवड्यापासून मला दुसऱ्या गोदामावर पाठवणार आहेत. ट्रकनं दोन दिवसांचा रस्ता आहे. पत्रं याच पत्त्यावर टाका, कंपनीची गाडी पोचवते. थोडा उशीर झाला तर घरी कुणाला घाबरू देऊ नका.

तुमच्या बबनरावांना सलाम. रेडिओचा आवाज कमी ठेवा म्हणावं.

इकबाल


पिंपळडोह
१४ मार्च २००४

इकबालभाऊंस नमस्कार.

तीन महिन्यांत तुमची दोन ओळींचीच कार्डं आली, तीही भाभींच्या नावे. "खैरियत आहे" यापुढं काही नाही. उत्तर द्यायला मी तरी कुठं वेळेवर बसले. तुमच्या पत्रावर ह्यांनी आणि मी आठवडाभर वाद घातला. ह्यांचं म्हणणं, "इकबाल बरोबर बोलून राह्यला." मी म्हटलं, तुमचा रेडिओ बोलतो ते तुम्ही बोलता.

पण मला त्या टेक्सासच्या म्हाताऱ्याचं स्वप्न पडलं. तो आमच्या बांधावर खुर्ची टाकून बसला होता आणि मी त्याला उठा म्हणू शकत नव्हते, कारण मला इंग्रजी येत नव्हतं. माझं म्हणणं अजून तेच आहे. आपल्या सरकारनं तीस वर्षं एकट्यानं कापूस घेतला, तेव्हा ग्रेड ठरवताना माणूस ओळखीचा आहे का ते पाहिलं जायचं, चुकारे लांबायचे, गाड्या उन्हात उभ्या राहायच्या. तुम्ही सचोटीचे होतात म्हणून सगळं केंद्र सचोटीचं होतं असं नाही. मात्र त्यांचं सरकार त्यांच्या बाजूनं आणि माझं बाजूला, असा बाजार मोकळा कसा, याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की कळवीन.

पेपरात रोज पानभर जाहिरात असते, देश चमकतो आहे म्हणून. तो पेपर इथं पोचेपर्यंत संध्याकाळची लाइट गेलेली असते. मूर्तिजापूरची आपली छोटी रेल्वे अजून सायकलवाल्याच्या मागंच असते. इंग्रजांनी ती कापसासाठी टाकली, आता तिच्यात कापूस सोडून सगळं जातं.

गझालाचा दहावीचा भूगोलाचा पेपर झाला. तिनं नकाशात कुवेत काढून दाखवलं आणि म्हणाली, "मावशी, हे तर दारव्हा ते नागपूरएवढं आहे. अब्बू दोन दिवस ट्रकमध्ये काय करत होते?" मी म्हटलं, अगं, तिथले रस्ते आपल्यासारखेच असतील.

तुमचं स्टूल चहावाल्यानं नेलं होतं. त्यावर भज्यांची परात ठेवायचा. मी भांडून परत आणलं. आमच्या ओसरीवर आहे.

सोबत या हंगामाची शेवटची चिमूट. काही सांगत नाही. ओढा आणि बोला.

तुमची,
कोकिळा


कुवेत
२ जून २००४

कोकिळाताईंस सलाम.

पत्र उशिरा मिळालं. अक्षराकडे बघू नका, इथलं टेबल हलतं.

चिमूट पाहिली. फार सुंदर कापूस आहे. धागा लांब, मजबूत, रेशमासारखा. यंदा तुम्ही सगळ्यांना मागं टाकलं.

वादाचं म्हणाल तर तुम्हीच बरोबर होता ताई. सरकार काय आणि ठेकेदार काय, माणसानं कुणाच्या भरवशावर राहू नये. आता मला त्या गोष्टींचा कंटाळा आला आहे.

गझालाला म्हणावं, रस्ता खराब होता.

सुग्रा आणि गझालाकडे लक्ष असू द्या.

इकबाल


पिंपळडोह
२९ जुलै २००४

इकबालभाऊ,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी रडले. वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या कापसाला लांब म्हणालात आणि मला वाटलं, हा माणूस आता माझ्याशी भांडायचंही टाळतो आहे. परक्या बाईला खूश करतात तसं मला केलंत. रागानं तीन आठवडे पेन हातात घेतलं नाही.

मग काल निंदणाला बायांबरोबर बसले असताना हात एकदम थांबला. राग कसला करते आहे मी? तुम्हाला पाठवलेली ती चिमूट फरदडीची होती. हंगाम संपल्यावर वाळक्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी दिलं की शेवटची किडकी बोंडं फुटतात ना, त्यांतला कापूस. मुद्दाम पाठवला होता. वाटलं, तुम्ही पाकीट उघडून शिव्या द्याल, मी इथं हसेन. तो कापूस नुसता हातात घेतला तरी भुगा होतो. गझालासुद्धा त्याला रेशीम म्हणणार नाही.

इकबालभाऊ, तुम्ही खोटं बोलाल, पण कापसाबद्दल बोलणार नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीला तुम्ही खालची ग्रेड दिली होती आणि भाभी महिनाभर तुमच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या अर्थी तुम्ही माझा हा धागा ओढलाच नाही. आणि पाकिटात कापूस आला तर तुम्ही न ओढता राहाल, हे मला पटत नाही. म्हणजे ओढता आला नाही.

हाताला काय झालं आहे?

आणि दुसरं. परवा रेडिओवर सांगितलं, इराकात आपले ट्रक ड्रायव्हर ओलीस धरले आहेत. भाभी आमच्या ओसरीवर होत्या. त्या तुमच्या स्टुलावर बसून म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, आमचे कुवेतमधी हायेत." गझालानं माझ्याकडे पाहिलं. दहावी पास झालेली मुलगी आहे. तिला नकाशा येतो.

कुठं आहात तुम्ही? मला राजकारण नको, भाव नको. दोन प्रश्नांची दोन उत्तरं लिहा.

कोकिळा


२१ ऑगस्ट २००४

ताई,

गावाचं नाव लिहू नका असं सांगितलं आहे, म्हणून वर लिहिलं नाही. तुम्ही ओळखलं ते बरोबर आहे. डिसेंबरपासून मी सरहद्दीच्या पलीकडे आहे. ट्रकच्या ताफ्याबरोबर जायचं आणि पोचलेली खोकी मोजून द्यायची. कागदावर मी अजूनही कुवेतचाच गोदाम कारकून.

हे देवीलाल लिहितो आहे असं समजू नका, मीच लिहितो आहे. देवीलाल म्हणजे माझा ड्रायव्हर, नागौरकडचा. एप्रिलमध्ये आमच्या ताफ्यातला पुढचा ट्रक उडाला. आमचा त्याला जाऊन धडकला आणि केबिननं पेट घेतला. मी बाहेर फेकला गेलो होतो, तो आत अडकला. दाराची कडी ओढली. एकदा ओढली तर उघडली नाही, दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरून ओढली. उघडली. तो निघाला. त्याला काही झालं नाही, फक्त भुवया गेल्या. आता मला रोज भरवतो आणि म्हणतो, "चाचा, मेरी माँ को मत बताना कि मैं रोटी बनाता हूँ."

दोन्ही हातांची बोटं आहेत, पण शेंडे जळाले. कातडी आली, तीत जीव नाही. गरम चहाचा गिलास धरून बसतो आणि ओठाला लावल्यावर कळतं. तुमची चिमूट आली तेव्हा ओढून पाहिली. ओढली का, तुटली का, काही समजलं नाही. फेकून द्यावी वाटली, मग चांगलं चांगलं लिहून टाकलं. तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं. घरी खोटं लिहीत आलो त्याचं वाईट वाटतंच, पण कापसाबद्दल खोटं लिहिलं त्याची जास्त शरम वाटली. हसू नका.

आता वादाचं. सरकारनं फौज पाठवली नाही म्हणून आपण चहा प्यायलो होतो, आठवतं? फौज आलीच नाही ताई. पण आमच्या छावणीत केरळचे, बिहारचे, पंजाबचे किती आहेत ते मी खोक्यांसारखे मोजू शकतो. फौजेतला माणूस मेला तर देश त्याचं नाव घेतो. आमचं नाव हजेरीपटावर आहे, तो पट ठेकेदाराच्या खिशात. मला सरकार हवं होतं ते एवढ्यासाठी. कुणीतरी यादीत नाव लिहावं, म्हणजे नाव गाळलं तर त्याला जाऊन विचारता येतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझं नाव गाळलं तेव्हा मी साहेबाच्या टेबलावर जाऊन भांडलो तरी होतो. इथं कुणाशी भांडू?

आता दिल्लीहून सांगितलं आहे म्हणतात, की इथल्या भारतीयांना परत आणा. कंपनी दोन-तीन महिन्यांत सोडेल असं दिसतं.

सुग्राला सांगू नका. मी समोर आल्यावर सांगेन.

इकबाल


पिंपळडोह
३० नोव्हेंबर २००४

इकबालभाऊंस नमस्कार.

हे पत्र कुवेतला टाकत नाही. तुम्ही दहा-बारा दिवसांत पोचणार असं कंपनीच्या फोनवर कळलं, म्हणून तुमच्या घरी कपाटावर ठेवून जाते आहे.

तुमचं ऐकलं नाही. भाभींना सांगितलं. शब्द जुळवत बसले होते, तर त्याच म्हणाल्या, "ताई, मले माहीत हाय. ज्या मानसाले भाजीत मीठ कमी पडलं तर दोन पानं लिहाची सवय, त्यानं सालभर जेवनाचं नावच नाही काढलं. समजत नाही का मले?" मग उठून माझ्यासाठी चहा टाकला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही मले सांगत नव्हत्या, म्हून मीबी तुमाले सांगतलं नाही. तुमाले वाईट वाटलं असतं. तुमीच त्यायले पाठवलं असं लोक बोलतात ना." इतके महिने त्या माझं ओझं उचलत होत्या आणि मला वाटत होतं, मी त्यांचं उचलते आहे.

आता माझ्या फजितीचं ऐका. यंदा जगात कापूस फार पिकला म्हणतात. भाव कोसळला. अंगणात येणारे व्यापारी दिसेनासे झाले आणि जो एक आला तो म्हणाला, "घ्याचा तं घेतो बाई, पन रडू नका." मग सगळा दारव्हा तालुका त्या बकऱ्यांच्या शेडकडे धावला. सरकारी भाव तेवढा उभा आहे. रांग बसस्टँडच्या पुढं गेली. मीही गाडी घेऊन पाच दिवस उभी होते. माझ्या मागच्या गाडीवरचा धरमसिंग नाईक, ज्यानं माझी भाषणं ऐकली आहेत, तो तंबाखू मळत म्हणाला, "कोकिळाबाई, सरकारले उठवता का बसवता, एकदा ठरवून घ्या. आमी थांबतो."

सगळे हसले. मलाही हसू आलं. मी सभांत बोलायचे ते खोटं नव्हतं, भाऊ. अर्धं होतं. पाच दिवस रांगेत उभी राहून सरकारवर चिडत होते आणि ते केंद्र उद्या बंद होऊ नये म्हणून मनात हात जोडत होते. माझ्या वयाच्या बाईला हे दोन्ही एकाच वेळी पेलायला जड जातं.

ग्रेडर दोनच आहेत, तेही बाहेरचे. धागा न ओढताच ग्रेड लिहितात. जुन्यांना बोलावणार आहेत असं कानावर आलं, म्हणून मी आत गेले आणि साहेबांना तुमचं नाव दिलं, हातांचंही सांगितलं. सरकारी टेबलासमोर हात जोडून उभी राहण्याची माझी पहिलीच वेळ. ते म्हणाले, माणूस चांगला आहे असं ऐकतो, पण हात? मी म्हटलं, डोळे आहेत. त्यांनी नाव लिहून घेतलं, पेन्सिलीनं.

स्टूल तुमच्या दारात ठेवलं आहे. बोटांची किंमत वगैरे मी बोलले होते, ते हात जळल्यावरही तुम्ही पत्रात उकरून काढलं नाहीत. काढलं असतंत तर बरं झालं असतं.

यंदाच्या सीतादहीची चिमूट या पत्रातच आहे. ओढू नका. नुसती राहू द्या.

तुमची,
कोकिळा


दारव्हा
३ जानेवारी २००५

कोकिळाताईंस सलाम.

तुम्ही दोनदा येऊन गेलात आणि दोन्ही वेळा मी झोपल्याचं सोंग घेतलं. सुग्रानं तुम्हाला ते सांगितलं असेलच, ती आता काही लपवत नाही. हात बघून तुम्ही रडाल याची भीती होती. म्हणून बारा किलोमीटरवरून पत्र टाकतो आहे.

काल केंद्रावर गेलो. साहेबांनी पेन्सिलीचं नाव पाहिलं, माझे हात पाहिले आणि म्हणाले, ग्रेडर म्हणून घेता येणार नाही, नियमात बसत नाही. टोकन लिहायला बसाल का? बसतो म्हटलं. पेन धरता येतं. हंगाम संपेपर्यंतचं काम आहे, पुढचं कुणाला माहीत. पण सध्या यादीत नाव आहे. शाईनं.

एप्रिलच्या त्या बोलण्याचं तुम्ही अजून मनात धरून आहात, हे कळलं. सोडा ते. यादी तुम्ही लावली नव्हती आणि ट्रकही तुम्ही पेटवला नाही. तुमच्यावर राग धरायचा तर आधी बाकीच्या पुष्कळांवर धरावा लागेल, तेवढी ताकद आता माझ्यात नाही.

तुमची चिमूट आहे. ओढू नका म्हणालात म्हणून इतके दिवस नुसती समोर ठेवली. मग आज दुपारी गझालाला अंगणात स्टुलावर बसवलं. सरकीभोवतीचा धागा कसा विंचरायचा ते सांगितलं, चिमटी कुठं धरायची ते सांगितलं. तिची बोटं लहानपणी माझी होती तशी आहेत, उतावळी. मी म्हटलं, उजेडाकडे कर आणि हळू ओढ. माझं लक्ष धाग्यावर होतं. डोळ्यांनी कळतं ताई, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त कळतं. तुटतो कुठं ते दिसतं, आणि पोरीच्या चेहऱ्यावरून किती जोर लागला तेही दिसतं.

तिनं विचारलं, "अब्बू, मावशीला काय सांगायचं?" मी म्हटलं, आहे तेच.

नाल्याकाठचाच तुकडा आहे. यंदा पाऊस मध्येच गेला, पऱ्हाटी पोटभर प्यायली नाही. गझालानं दोनदा ओढला, दोन्ही वेळा मी पाहिला.

ताई, धागा आखूड.

पटत नसेल तर रविवारी या आणि भांडा. मी जागा असेन.

इकबाल